दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

"ताई, नमस्कार. आम्ही कराडजवळ राहतो. माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, दुसरीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, विनाअनुदानित. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, सांगितला. तो वाचतो, गाड्यांचे नंबर त्याला पाठ असतात, पाढे सतराच्या पुढे येतात, पण वहीत लिहीत नाही. घंटा झाली की कान झाकून बाकाखाली जातो. मागच्या महिन्यात डब्याच्या सुट्टीत, हात धुवायच्या रांगेत, पुढच्या मुलाच्या दंडाला चावला. त्याच्या आईने शाळेत येऊन तमाशा केला. मग प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून सांगितलं, 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. परीक्षा झाली की दाखला काढून घ्या, नाहीतर तुमच्या खर्चाने शॅडो टीचर बसवा.' वर्गात त्याच्या शेजारी बसायला अशी बाई ठेवायची तर महिन्याला दहा-बारा हजार पडतात. मिस्टर म्हणतात स्पेशल शाळेत घालू, पण ती साताऱ्याला आहे. सासूबाई म्हणतात, दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढलं की घराला शिक्का बसेल, मोठी मुलगी आहे, उद्या तिच्या लग्नाचं काय. ती त्याच शाळेत पाचवीत आहे. भाऊ शांत होत नाही म्हणून कधी कधी तिला वर्गातून बोलावून घेतात. सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. – एक आई"

ताई, पत्र मिळालं. बाकी सगळं सावकाश बोलू, पण एक गोष्ट आधी. दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. तुम्हीही नाही आणि मिस्टरांनीही नाही. मॅडम कितीही गोड बोलल्या, "मुलाच्या भल्यासाठीच सांगतोय" म्हणाल्या, तरी "घरी बोलून सांगते" म्हणायचं आणि उठायचं.

कारण सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे, शाळेत एकदा दाखल झालेल्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, काढून टाकता येत नाही. 2019 मध्ये या कलमात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत नापास करून मागे ठेवायची वाट मोकळी झाली. काढून टाकण्याची मनाई मात्र जशीच्या तशी आहे. विनाअनुदानित शाळांनाही ती लागू आहे. (शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर गोष्ट वेगळी. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या शाळा या कायद्यातून बाहेर पडल्या. तुमची तशी आहे का, ते ऑफिसात विचारून घ्या.)

शाळेला काढता येत नाही, म्हणून पालकांनी काढावं अशी व्यवस्था केली जाते. "वैयक्तिक कारणास्तव माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती." अशा अर्जांच्या झेरॉक्स माझ्याकडे पालक घेऊन येतात. पुष्कळदा वरचं अक्षर ऑफिसातल्या क्लार्कचं असतं आणि खाली सही आईची. एकदा ती सही झाली की कागदोपत्री शाळेने काहीच केलेलं नसतं, तुम्हीच मूल काढून नेलेलं असतं. मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलात तरी ते तोच कागद तुमच्यापुढे ठेवतील.

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. आधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता. आता 21 आहेत आणि ऑटिझम त्यात आहे. योगायोगाने याचंही कलम 16च कामाचं, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा नुसती सरकारी मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, त्याला लागेल तो आधार द्यावा, असं त्यात आहे. कायद्याची भाषा जरा मऊ आहे, सरकारने तसा "प्रयत्न करावा" अशी. एखादा वकील त्यावर बोट ठेवेलही. पण "आमच्याकडे सोय नाही" एवढं तोंडी सांगून हात झटकायची मुभा कुठल्याच शाळेला त्यात दिलेली नाही.

एवढं वाचून उद्याच कलमं घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये जाऊ नका. कलमं पिशवीत असू द्या. परवा मुलाला त्याच वर्गात, त्याच बाईंपुढे बसायचं आहे.

खरं सांगायचं तर वर्गातल्या त्या बाईंचीही मला काळजी वाटते. चाळीस-पन्नास मुलं, पोर्शन पुरा करायचा, वर व्यवस्थापन, खाली पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ऑटिझम म्हणजे काय, हे त्यांना डी.एड.ला कुणी धड शिकवलेलं नसतं. त्यांना तुमचा मुलगा नकोसा झालाय असं नाही, त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. तुमची आणि शाळेची आत्तापर्यंतची सगळी बोलणी "ठेवायचं की काढायचं" यावर झाली आहेत. ती तिथून हलवून "याला वर्गात नेमकं काय लागतं" यावर आणायची आहेत. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढीच उत्तरं आहेत आणि ती शाळेच्या हातात आहेत. दुसऱ्याची उत्तरं तुमच्याकडे आहेत, कारण मुलाला तुम्ही ओळखता.

म्हणून आधी एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, एवढंच लिहायचं. "आज फार त्रास दिला" असलं काही लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. "डब्याची घंटा झाली, रांग लावली, मागच्या मुलाने ढकललं, पुढच्याला चावला" असं लिहा.

बघा, चावण्याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. हात धुवायची रांग. नुकती कर्कश घंटा वाजलेली, कान दुखतायत, पुढून-मागून धक्के, नळाचा आणि पोरांचा कल्ला. घंटेला जे मूल बाकाखाली जातं त्याला त्या रांगेत लपायला बाकसुद्धा नाही. हा मारकुटेपणा नव्हे, आणि मुख्य म्हणजे हे आधी ओळखता येण्यासारखं आहे. घंटेच्या दोन मिनिटं आधी बाईंनी त्याला एका मित्राबरोबर हात धुवायला पाठवलं, तर रांगेचा प्रश्नच येत नाही. शाळेला त्यासाठी एक रुपया खर्च नाही. असं काही सुचवलं की मॅडमचा चेहरा बदलतो, हे मी पाहिलंय, कारण "सोय" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे लिफ्ट आणि जादा पगार येतो.

लिहीत नाही, याचाही असाच छडा लावा. फळ्यावर खडूने लिहितो का? रव्यात बोटाने काढतो का? मोबाईलवर टाइप करतो का? गाड्यांचे नंबर पाठ असतात म्हणालात, ते तरी कागदावर काढतो का? टाइप करतो पण पेन्सिल धरत नाही, तर हाताच्या स्नायूंचं काम असेल. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे हाताची रोजची कामं सरावाने शिकवणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. नंबर काढतो पण फळ्यावरचं उतरवून घेत नाही, तर बघणं-लक्षात ठेवणं-उतरवणं या साखळीत कुठेतरी अडतंय. दोन्हींवरचे उपाय वेगळे. वर्गात मात्र तोवर तोंडी उत्तर चालावं आणि पानभर लिहायच्या जागी एक ओळ चालावी, एवढं मागता येईल.

वही दोन-तीन आठवडे भरली की शाळेला अर्ज द्या. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून अर्जच. साधारण असा:

"विषय: माझ्या मुलासाठी वर्गात आवश्यक असलेल्या सोयींबाबत.
महोदया, माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता दुसरीत शिकत आहे. त्यास ऑटिझम असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असून अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. अमुक तारखेच्या भेटीत आपण त्याचा दाखला काढून घेण्यास सुचवले. त्याचे शिक्षण याच शाळेत सुरू ठेवण्याची आमची इच्छा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार त्यास पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती."

खाली पाच-सहाच मागण्या. बसायची जागा घंटेपासून लांब, भिंतीकडेची. घंटेआधी बाईंनी किंवा मावशींनी एक मिनिट आधी सांगणं, आणि कानाला आवाज कमी करणारे इअरमफ लावायला परवानगी. बाकावर चिकटवलेलं चित्रांचं वेळापत्रक: प्रार्थना, गणित, डबा, खेळ, घर (ते तुम्ही घरून करून द्या, बाईंवर टाकू नका). लिखाणाची वर सांगितलेली सवलत. फार गोंधळला तर पाच मिनिटं बसायला ठरलेली जागा, ऑफिसबाहेरचा बाक चालेल, पण शिक्षा म्हणून नाही. आणि महिन्यातून एकदा वर्गशिक्षिकेशी पंधरा मिनिटं बोलणं.

तारखेचं वाक्य अर्जात मुद्दाम घातलंय. मॅडम तोंडी जे म्हणाल्या ते आता कागदावर आलं, तेही आरडाओरडा न करता. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आणा. "पोच देत नाही" म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. घरी एक फाईल करा: डॉक्टरांचे अहवाल, अर्जांच्या पोच, फीच्या पावत्या, मुलाच्या वहीची काही पानं. पुढची दहा वर्षं ही फाईल लागणार आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक किंवा एखाद्या भाषेतून सूट हवी असेल, तेव्हा शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जे प्रकरण जाईल, त्याला हेच जुने कागद जोडावे लागतील. नववीत जागे झालेल्या पालकांची तेव्हा फार पळापळ होते.

बैठकीला मिस्टरांना घेऊन जा. हे लिहिताना मला राग येतो, पण खरं आहे: एकटी आई बोलली की ती "इमोशनल" ठरते, शेजारी बाप नुसता बसला तरी ऑफिसातला सूर बदलतो. शिवाय सातारच्या शाळेचा निर्णय त्यांनी घरबसल्या घेण्याआधी मुलाचा वर्ग एकदा डोळ्यांनी बघितलेला बरा.

आणि त्या दुसऱ्या आईला भेटा. तिने तमाशा केला म्हणालात, पण तिच्या मुलाच्या दंडावर दात उमटले होते. सफाई न देता आधी चौकशी करा, मग रांगेचं सांगा. वर्गातली एक आई तुमच्या बाजूने बोलायला लागली तर व्हॉट्सॲप ग्रुपचं वारं फिरतं.

आता शॅडो टीचर. कायद्याने कुठेही म्हटलेलं नाही की पालकांनी पदरमोड करून माणूस बसवला तरच मूल वर्गात बसेल. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं आणि 2022 मध्ये ते ठरलं, पहिली ते पाचवीपर्यंत विशेष गरजा असलेल्या दर दहा मुलांमागे एक, सहावी ते आठवीत पंधरांमागे एक. म्हणजे ती जबाबदारी शाळा आणि शासन यांची धरली आहे. प्रत्यक्षात खासगी शाळा हा खर्च पालकांवर ढकलतात, हेही तुम्हाला ठाऊक आहेच.

पैशांपेक्षा माझी हरकत वेगळी आहे. शॅडो टीचर म्हणून जी येते ती बऱ्याचदा बारावी किंवा बी.ए. झालेली, गरजू, बिचारी भली मुलगी असते. तिला या कामाचं शिक्षण कुणी दिलेलं नसतं. ती मुलाच्या शेजारी बसते, त्याचा हात धरून लिहून घेते, तो हलला की बाहेर नेते. महिन्याभरात वर्गशिक्षिका त्याच्याकडे बघायचं सोडते, कारण "त्याची टीचर आहे ना". मुलंही त्याच्याशी बोलायचं सोडतात, मध्ये एक मोठी बाई बसलेली असते. वर्गात असून मूल वर्गाबाहेर. तुमचा मुलगा वाचतो, त्याला आत्ता तरी दिवसभर माणूस लागत नाही. घंटा, रांग आणि लिखाण या तीन जागी आधार लागतो. कधी माणूस घ्यायची वेळ आलीच, तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी असलेल्या विशेष शिक्षिकेच्या देखरेखीखाली घ्या आणि कधी कमी करायचं ते पहिल्याच दिवशी लिहून ठरवा.

सासूबाईंच्या मुद्द्यावर येते. त्यांना वेड्यात काढू नका. त्यांनी जे आयुष्य पाहिलंय त्यात घरातल्या अशा मुलाची बातमी सोयरिकीच्या बैठकीत निघायची, आणि आजही काही घरांत निघते. पण त्यांना एवढं विचारा: मुलगा बाकाखाली बसतो हे शाळेला, गल्लीला, पाहुण्यांना आधीच माहीत नाही का? लोकांना जे दिसायचं ते दिसतंच आहे. प्रमाणपत्र मात्र तुमच्या कपाटात राहतं आणि कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवता. भिंतीवर लावायची ती वस्तू नव्हे.

प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो लागतो आणि रुग्णालय निवडावं लागतं. मग ठरलेल्या दिवशी मुलाला घेऊन तपासणीला जायचं, पुण्याचे सगळे अहवाल बरोबर. त्या दिवशी गर्दी असते, आवाज असतो, ताटकळावं लागतं, म्हणून खाऊ, पाणी आणि त्याचं आवडतं गाड्यांचं पुस्तक न विसरता न्या. ऑटिझमसाठी आयएसएए नावाची चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. तीत बरंचसं आईला विचारून भरतात, आणि इथे आया घोटाळा करतात. डॉक्टर विचारतात, "इतर मुलांशी खेळतो का?" आई म्हणते, "हो, खेळतो की, घरी ताईशी." मुलाची बाजू घ्यायची आपली सवय जात नाही. तिथे पाढे किती येतात ते सांगायला गेलेला नाहीत तुम्ही. जे जमत नाही ते स्पष्ट, उदाहरण देऊन सांगा. वाढवून नको, झाकूनही नको. ती वही इथेही कामाला येते.

दिव्यांगत्वाचे टक्के 40 किंवा वर आले की कायद्यातल्या बहुतेक सवलती सुरू होतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंगही टक्क्यांवर असतो: चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. लहान मुलांना प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं मिळतं, म्हणून संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. प्रमाणपत्र हातात आलं की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात नाव घाला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात येतो. थेरपीच्या बिलाचा थोडा भार हलका होईल.

स्पेशल शाळेचं काय? मिस्टरांच्या म्हणण्यात मला चूक दिसत नाही, घाई दिसते. काही मुलांना विशेष शाळाच योग्य असते. मोठ्या वर्गात ज्याचा दिवस नुसता भीतीत जातो, ज्याला अंघोळ-जेवण-कपडे शिकायला अजून वेळ हवा, त्याला तिथली छोटी तुकडी आणि शिकलेले शिक्षक मिळतात. पण आपल्याकडच्या विशेष शाळा बहुतेक प्रवर्गाप्रमाणे चालतात: कर्णबधिरांच्या, अंधांच्या, बौद्धिक अक्षम मुलांच्या. ऑटिझमसाठी म्हणून चालणाऱ्या मोजक्या, त्याही मोठ्या शहरांत. वाचणारा, पाढे म्हणणारा मुलगा बौद्धिक अक्षम मुलांच्या वर्गात बसला तर त्याला तिथे कोण काय शिकवणार, हे आधी बघायला हवं. दोघं जाऊन एक दिवस बसा. "एका मुलाचा वर्षाचा आराखडा दाखवाल का?" असं विचारा. चांगली शाळा नाव झाकून आराखडा दाखवते. जिथे फक्त स्नेहसंमेलनाचे फोटो दाखवतात तिथून चहा पिऊन या. आणि एका बाजूने पन्नासेक किलोमीटर, जाऊन-येऊन रोज, या वयात, हा हिशेबही करा.

एक तिसरी वाट आहे, तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. जवळची जिल्हा परिषदेची शाळा. इंग्रजी माध्यमातून जि.प.त म्हणजे लोक काय म्हणतील, हे मला ठाऊक आहे. पण वर्गात पंधरा-वीस मुलं, घरची भाषा, ओळखीचे गुरुजी, मोकळं आवार, हे या मुलाच्या कामाचं आहे. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक याच शाळांत येतात, आणि यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींच्या, माहितीत मुलाची विशेष गरजेची नोंद झाली की प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य असे लाभ मागता येतात. पंचायत समितीतल्या गट साधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना भेटा, तुमच्या गावाला कोण विशेष शिक्षक आहे ते विचारा. हातचं राखून सांगत नाही: एकेका विशेष शिक्षकाकडे बऱ्याच शाळा असतात, रोज कुणी येणार नाही. तरी बघून या. चांगले गुरुजी असलेली कमी पटाची शाळा आणि पन्नास मुलांचा चकाचक वर्ग यांत निवड करायची, तर मी पहिली निवडेन. मात्र बदल करायचाच झाला तर तो तुम्ही ठरवून, नव्या शाळेशी आधी बोलून करा. मार्चमधल्या एका दुपारी कुणीतरी अर्ज पुढे केला म्हणून नको.

(25 टक्के राखीव प्रवेशाबद्दलही पुष्कळजण विचारतात. दिव्यांग मूल त्यात वंचित गटात येतं आणि महाराष्ट्रात त्याला उत्पन्नाची अट नाही. पण तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच होतो. तुमचा मुलगा दुसरीत आहे, त्यामुळे तुम्हाला त्याचा उपयोग नाही. धाकटं मूल असलेल्यांनी मात्र ध्यानात ठेवा.)

शाळा ढिम्म राहिली, अर्जाला उत्तरच आलं नाही, तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या. मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), प्रत्येक वेळी आधीच्या अर्जाची प्रत जोडून. त्यावर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. पण थेट पुण्याला उडी मारू नका. तिथून अर्ज फिरून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्याच टेबलावर येतो आणि मधले सगळे रुसलेले असतात. अल्पसंख्याक शाळा निघाली, तर कलम 16 चं दिव्यांग कायद्यातलं तेवढं पान उघडायचं.

उपचारांचं एकच. ऑटिझम मुळापासून बरा करतो म्हणणारे तुम्हाला भेटतील, कुणी स्टेम सेलवाले, कुणी काढेवाले. स्टेम सेल हा ऑटिझमवरचा मान्य उपचार नाही. लाखांनी पैसे जातात. तेच पैसे वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीला घाला, आणि ज्याच्याकडे जाल त्याची नोंदणी विचारायला लाजू नका.

आता तुमच्या लेकीचं. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंत, पण मला तेच सगळ्यात जास्त लागलं. गणिताचा तास चालू आहे, दारात शिपाई येतो, सगळा वर्ग मान वळवतो आणि पाचवीतली मुलगी दप्तर तसंच टाकून भावाला शांत करायला जाते. सासूबाईंना तिच्या लग्नाची काळजी आहे, मला तिच्या चुकलेल्या तासांची आहे. तिला घरी विचारा, तेव्हा नेमकं काय होतं, कोण काय म्हणतं. आणि अर्जातल्या मागण्यांत एक वाक्य वाढवा: "मुलास शांत करण्यासाठी त्याच्या बहिणीस वर्गातून बोलावू नये; आवश्यकता भासल्यास मला फोन करावा." खाली तुमचा नंबर लिहा, आणि तो वाजला की उचलता येईल अशी घरात आधी सोय लावा. मिस्टरांचाही नंबर द्या.